टॅपेटची फट

रूबेनकाका माणसाला 'कसा आहेस' असं विचारायच्या आधी त्याच्या गाडीला विचारत. आपण दारात उभे, इंजिन सुरू, आणि हे बॉनेटला कान लावून डोळे मिटलेले! मग म्हणत, "हं. तू बरा दिसतोस. ही नाही."

लंडनमध्ये हाउन्सलोला रेल्वे पुलाखाली त्यांचं वर्कशॉप होतं. इंजिनाच्या झडपांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट झिजला की तो घासून पुन्हा आकारात आणायचा, हे त्यांचं काम. मूळचे मुंबईचे, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी शब्बाथ, मशीनला हात लावायचे नाहीत, म्हणून वर्कशॉप रविवारी उघडं. कॅमवरच्या उंचवट्याला ते 'टेकाड' म्हणत आणि माणसंही टेकाडावरूनच ओळखत. माझ्या तापट मेहुण्याला एकदाच भेटले आणि म्हणाले, "रेसिंग कॅम आहे. पळताना झकास, उभा राहिला की खोकतो."

मीही एकदा हौसेने म्हटलं, "काका, मला जरा जोरदार कॅम घासून द्या ना."

"टेकाड रुंद केलं की झडप जास्त वेळ उघडी राहते. इंजिन पोटभर श्वास घेतं, कबूल. पण ताकद मिळते ती वरच्या रेव्ह्जला, इंजिन भन्नाट फिरायला लागलं की. तू तिथे कधी पोचणार? तुझ्यापुढे कायम बस असते! प्रत्येक राउंडअबाउटला बंद पडशील."

आणि त्यांनी मला सगळ्यात मवाळ कॅम दिला. माझ्या बायकोला हा निर्णय फार आवडला.

नवा कॅम बसवला की थोडे मैल झाल्यावर टॅपेटची फट, म्हणजे कॅम आणि झडप यांच्यातली बारीक जागा, बरोबर आहे ना, ते बघावं लागतं. एकदाच. माझी ते दर रविवारी बघत, आणि तेही वर्षानुवर्षं. पातळ पट्टी फटीत सरकवायची आणि बोलत बसायचं. लिलीकाकू गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी कार्डिफला, तिचा फोन इंग्लिशमध्ये. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "अरे, 'भोचक' हा शब्द किती दिवसांनी तोंडात आला!" भोचक ते मलाच म्हणाले होते, पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की रागवायचं राहूनच गेलं.

पुढे माझी ती गाडी एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीत, नापास झाली. नवी घेतली आणि रविवारी कौतुकाने दाखवायला नेली. काकांनी कान लावला. बराच वेळ वर उठलेच नाहीत.

"हायड्रॉलिक टॅपेट," शेवटी म्हणाले. "फट तेलच भरून काढतं. हिची कध्धीच बघावी लागणार नाही. चांगली घेतलीस हो." आणि स्वच्छच असलेले हात फडक्याला पुसत राहिले.

"पण काका, थोडा आवाज येतोय," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कान लावला, मग माझ्याकडे बघितलं.

"आवाजबिवाज काही नाही," ते म्हणाले. "पण आवाज नाही याची खात्री करायला वेळ लागेल. चहा टाकतो. बस."