उशीखालचा पाहुणचार

पाक वागिमिनना, म्हणजे वागिमिनकाकांना, रुग्णालयात आणलं तेव्हा त्यांच्या उजव्या पायाची बोटं काळीनिळी पडली होती. क्लातेन शहराच्या पंचक्रोशीत रात्र-रात्र सावल्यांच्या बाहुल्या नाचवणारा हा माणूस. हात बाहुल्यांत गुंतलेले, तोंडात राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांचे आवाज, आणि धातूच्या पट्ट्यांवर ताल धरायचा तो याच उजव्या पायानं. पाय गेला की खेळ बसला.

"पाय हवा की लवंग भरलेली सिगारेट? एकच मिळेल," सर्जन प्रास्तोवो म्हणाले. "रक्तवाहिनी मी मोकळी करतो. पण त्याआधी एक जरी झुरका मारलात, तर हात लावणार नाही."

सिस्टर रुमियातीनं वागिमिनच्या दंडावर निकोटीनची पट्टी चिकटवली, तल्लफ आली की चघळायला लवंगा दिल्या आणि रोज सकाळी श्वास मोजायचं यंत्र तोंडाशी धरलं. फुंकलं, की छातीतल्या धुराचा आकडा समोर. आकडा उतरला की वागिमिन पैज जिंकल्यासारखे बायकोकडे बघत.

"आधी पाय नाचवून दाखवा, मग मिरवा," बू तुकिनेम, म्हणजे तुकिनेमकाकू, म्हणायच्या.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अख्खी वाडी भाड्याचा ट्रक करून भेटायला आली. आजाऱ्याला एकेकट्यानं भेटायची तिथे पद्धतच नाही. बायकांनी केळी आणली. पुरुषांनी खिशातून पाकिटं काढली आणि प्रत्येकानं एकेक सिगारेट अर्धी वर सरकवून पुढे केली. पुढे केलेली सिगारेट तोंडावर नाकारणं म्हणजे समोरच्याचा अपमानच.

"वा वा, आभारी आहे. नंतर ओढतो हं," असं म्हणत वागिमिननी एकेक घेतली आणि उशीखाली सारली.

"अहो, सरळ नाही म्हणा ना!" तुकिनेम कुजबुजल्या.

"सुतार्जोला नाही म्हणू? वाडीप्रमुख आहे तो! उद्या माझ्या मयताला खुर्च्या कोण देईल?"

उशी चढत गेली, वागिमिनची मान वाकत गेली. तेवढ्यात सर्जन फेरीला आले. मान अवघडलेली पाहून सिस्टरनं उशी सारखी करायला उचलली आणि सिगारेटी खाटेवरून घरंगळत थेट डॉक्टरांच्या बुटांपर्यंत गेल्या.

"शस्त्रक्रिया रद्द!"

"डॉक्टरसाहेब, देवाशप्पथ, एकही पेटवली नाही!"

"मग काय उबवत होता?"

वागिमिनचा चेहरा पडला. तुकिनेमनी पदर डोळ्यांना लावला. सिस्टर मात्र यंत्र घेऊन आली. "फुंका पाक."

वागिमिन जीव खाऊन फुंकले. आकडा इवलासा, दिवा हिरवा.

"यंत्र बिघडलंय," डॉक्टर म्हणाले.

"बघूया की," सिस्टर म्हणाली. "सुतार्जो, तुम्ही फुंका."

"मी? मी तर रमजानपासून फार कमी केलीय बरं का." सुतार्जो फुंकले. दिवा लाल झाला आणि यंत्र असं किंचाळलं, की शेजारची खोली बघायला आली.

"कमी कुठली! तू तर वीटभट्टी आहेस!" वाडी ओरडली. मग काय, रांगच लागली. ज्याचा आकडा मोठा त्याची बायको त्याला तिथेच फैलावर घेऊ लागली. हिरवा दिवा मिळाला तो एकट्या वागिमिनना, आणि टाळ्याही.

सिस्टर अदबीनं म्हणाली, "अजून शंका असेल तर डॉक्टर, आपणच फुंकून बघा ना."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "उद्या पहिली शस्त्रक्रिया यांचीच," म्हणाले आणि झपाट्यानं निघून गेले. मागे लवंगेचा वास रेंगाळला. त्यांना तर कुणी लवंगा चघळायला दिल्या नव्हत्या.

उशीखालचा ऐवज सिस्टरनं बादलीत भिजवला आणि ते पाणी अंगणातल्या मिरचीवर फवारलं. पाहुणचार किडीला पोचला.

भातकापणीनंतर वाडीत खेळ झाला. उजवा पाय असा खणखणला, की म्हातारेही मांडी बदलायचं विसरले. मध्यावर विदूषकाची बाहुली आजारी पडली. भेटायला आलेल्या बाहुल्यांनी सिगारेटी पुढे केल्या. "नंतर ओढतो हं!" म्हणत तिनं त्या उशीखाली सारल्या, आणि पडद्यावर उशीची सावली डोंगराएवढी झाली. वाडी हसून लोळली.

पहिल्या रांगेत डॉक्टर प्रास्तोवो सगळ्यात मोठ्यानं हसत होते. हसता हसता त्यांचा हात खिशाकडे गेला. शेजारी बसलेल्या सिस्टर रुमियातीनं तळहातावर एक लवंग ठेवून पुढे केली.

डॉक्टरांनी मुकाट्यानं घेतली. तोंडावर नाही म्हणायची पद्धत तिथे नाहीच ना.