तळघरात कोणी नाही

कार्यालयाच्या तळघरात रेडॉन नावाचा वायू मर्यादेबाहेर साठला आहे, असं तपासणीत निघालं तेव्हा साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "याची नेमणूक कोणी केली?"

तपासनीस बाईंनी समजावलं. हा जमिनीतूनच येतो. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तेव्हा हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, तोवर तिथल्या माणसाला वर आणा. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी.

"रंग नाही, वास नाही, आवाज नाही," साहेब हळहळले. "असा एक कर्मचारी मला मिळाला असता तर!"

मिळाला होता. फायली सांभाळणारा दप्तरी तळघरात जुन्या गठ्ठ्यांमध्ये निमूट बसत असे. आज मात्र बायकोने दारातच बजावलं होतं, "वर जागा मिळाल्याशिवाय घरी यायचं नाही. पोरीला बाप हवाय." त्यालाही पोरीचं लग्न बघायचं होतं. म्हणून तो जीव मुठीत धरून या वायूवर बोलावलेल्या बैठकीला आला.

पंखा लगेच बाद झाला. तो ज्या झरोक्यात बसवायचा होता त्याच्यासमोर साहेबांची गाडी उभी राहायची, आणि ती हवा गाडीला बाधली असती. मग वर जागा शोधायची ठरली. सगळ्यांना दप्तऱ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. बोलता बोलता प्रत्येकाने आपापली खुर्ची घट्ट धरली.

शेवटी हेडक्लार्क धावून आला. "साहेब, नियम कामाच्या जागेला आहे. तळघर ही कामाची जागाच नाही, असं ठरवलं तर?"

साहेबांच्या जिवात जीव आला. तळघराच्या दारावर पाटी लागली : 'येथे कोणीही काम करत नाही.' ती दप्तऱ्यानेच ठोकली, कारण हातोडी त्याच्याकडे असायची.

"मग मी बसू कुठे?" त्याने विचारलं.

"बुवा, तुम्ही तिथे नाहीच आहात," हेडक्लार्क मायेने म्हणाला. "धोका टळला, आता निवांत राहा. आणि खाली जाताय तर ती पाणीपट्टीची जुनी फाइल घेऊन या. शोधायला वेळ लागला तरी चालेल."

दप्तरी जिन्यापर्यंत गेला आणि थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सांगितलेल्या कामाला गेला नाही.

तुम्हालाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं ना? मग जरा सरकून घ्या. तो तुमच्याच खुर्चीकडे बघत उभा आहे.