विश्राम मास्तरांची म्हशींसकट शाळा

विश्राम मास्तरांपुढं कुणी "मले मास्तर व्हायचं हाय" असं म्हटलं, की ते आधी त्याचे पाय पाहत. चपला काढायला लावत, टाच दाबून बघत, नखं निरखत आणि बहुतेकदा म्हणत, "नाई जमत गड्या. तुहे पाय कारकुनाचे हायेत. तू तहसिलीत चिकट."

माझे पाय त्यांनी पाहिले ते मी सातवी पास झालो त्या साली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा आणि आमच्यासारख्या कोरडवाहू घरातल्या पोराला सातवीनंतर दोनच वाटा असत, पटवारी नाहीतर मास्तर. पटवाऱ्याला गाव तोंडावर भितं आणि मागं शिव्या देतं, हे मला ठाऊक होतं. मास्तराला तर कुणी भीतही नाही, हे ठाऊक नव्हतं. म्हणून मी मास्तर व्हायचं ठरवलं, आणि माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मला गावच्या शाळेत घेऊन गेले.

"मास्तर, आमच्या सुपडूचं डोस्कं लय चांगलं हाय," मोठेबाबा म्हणाले.

"डोस्क्याचं काम दुपारून असते. सकाळी पायाचंच काम." मास्तरांनी माझी टाच दाबली. "भेगा हायेत. चालते. एक हंगाम माह्यासंगं फिर. तरी हौस राह्यली त नॉर्मल स्कूलात जाजो अन् मास्तरकी शिकजो. नाई राह्यली त माह्या पाया पडजो, वाचवलं म्हणून."

पायाचं काम म्हणजे पोरं गोळा करणं. आता तुम्ही म्हणाल, पोरं आपली येतात की शाळेत. तुमच्याकडं येत असतील. आमच्याकडं शाळा भरायच्या आधी मास्तरांना गावाला फेरा घालावा लागे. एक पोरगं कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगामागं, एक कडुनिंबावर, एक थेट कणगीत. मास्तर कणगीजवळ उभे राहून त्याच्या मायला मोठ्यानं सांगत, "आज शाळेत बोरं वाटणार हायेत," की कणगीतून डोकं वर येई. बोरं खरंच वाटत बरं का. मास्तर पोरांशी खोटं बोलत नसत, शाळेमागंच बोरीचं झाड होतं.

पोरांपेक्षा त्यांच्या माया अवघड.

"पोरगं नेता, मंग म्हैस कोन राखीन?" एक माय म्हणे.

"म्हैसही द्या," मास्तर म्हणत.

"गंगूले नेता, मंग तान्हं कोन पाहीन?" दुसरी म्हणे.

"तान्हंही द्या."

हे 'तेही द्या' त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की एकदा कुणाच्या तरी सासूनं विचारलं, मी घरी एकटी काय करू, तर मास्तर सवयीनं "तुम्हीही या" म्हणून गेले आणि म्हातारी आली की हो. सगळा पावसाळा चौथीच्या पोरांत बसून वाती वळायची.

त्यामुळं आमच्या शाळेत पहिल्यांदा येणाऱ्याला आपण बीबीच्या गुरांच्या बाजारात आलो असं वाटे. अंगणात म्हशी, ओसरीला शेळ्या, आत आढ्याला लुगड्यांच्या झोळ्या. झोळ्यांच्या दोऱ्या एकत्र करून मास्तर हातात धरत आणि ओढता ओढता पाढे म्हणवून घेत. आमच्या गावात पाढ्याची आणि अंगाईची चाल एकच झाली ती तेव्हापासून. पंधराचा पाढा कानी पडला की मला अजून जांभई येते.

मला त्यांनी पहिली दिली. मी ऐटीत फळ्यावर ग काढला. तेवढ्यात एकानं करंगळी वर केली, मी त्याला बाहेर सोडलं, आणि बघता बघता सगळी पहिली करंगळ्या वर करून बाहेर गेली. मी दारात बघायला गेलो तर मागं म्हशीच्या एका वगारीनं माझी टोपी खाल्ली. मास्तरांनी दोरी न सोडता विचारलं, "काऊन बे, राह्यली का हौस?"

"हाव," मी म्हणालो, पण आवाजात दम नव्हता.

आणि एके दिवशी बुलढाण्याहून शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. दमणीच्या बैलांच्या घुंगरांनी म्हशी बुजल्या, साहेब शेपट्या चुकवत कसेबसे आत पोचले.

"हा काय प्रकार आहे, मास्तर?"

"शाळा हाय, साहेब."

"आणि या म्हशी?"

"याईच्या भरवशावर तं हजेरी हाय, साहेब."

साहेब हसले नाहीत. जनावरं आणि तान्ही उद्यापासून बंद, पुन्हा दिसली तर मास्तर घरी आणि शाळेला कुलूप, असं बजावून ते निघून गेले. जाताना वाती वळणाऱ्या म्हातारीला त्यांनी नमस्कार केला, ती कोण हे विचारायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फेऱ्यात मास्तर कुठंच 'तेही द्या' म्हणाले नाहीत. मग मायांनी पोरंही दिली नाहीत. शाळेत एका बाकावर मावतील एवढीच पोरं, अंगण झाडून चकचकीत. मी मनात म्हटलं, सुपडू, पाया पड आणि सूट. इतकी वर्षं राबून या माणसाच्या हाती हे आलं, तर आपलं काय घेऊन बसलास?

मी ते सांगायला जवळ गेलो, तर मास्तर म्हणाले, "बस जरा. हजेरी होऊ दे."

त्यांनी सगळ्या पटाची हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव घेत, थांबत, रिकाम्या जागेकडं बघत आणि स्वतःच उत्तर देत.

"किसन... हाव, त्याची म्हैस गाभण हाय. ठकी... मायले ताप हाय तिच्या. गंगू..." इथं ते जास्त थांबले. "गंगूचं वाचणं आता कुठं लागून राह्यलं होतं."

गैरहजेरी त्यांनी एकाचीही मांडली नाही. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पोटी लेकरू नव्हतं. सकाळी ज्या दारांत ते उभे राहत, तेवढंच त्यांचं गणगोत होतं. ते बसल्या जागी एकेक करून तुटताना मी ऐकत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्या साहेबाचा रागही आला.

मी उठलो.

"कुठं चालला बे?"

"गंगूच्या घरी."

त्यांची नोकरी जाणार होती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मास्तरांनी हजेरीपट मिटला आणि कोपऱ्यातली झोळ्यांची दोरी उलगडायला घेतली.

"जाय. तान्हंही आणजो," ते म्हणाले. "डिप्टीनं इचारलं त सांगीन, नव्या मास्तरानं आणलं."

जन्मात मला पहिल्यांदा मास्तर म्हटलं ते त्यांनी, आणि तेही गुन्ह्यात गोवताना.