सोळा इंची गळा

डोळे मिटा आणि आजीची शिलाई मशीन मनात आणा. आणलीत? आता तिची सुई काढून टाका आणि त्या जागी केसाएवढं बारीक, दातेरी पातं बसवा. बटण दाबलं की पातं खाली-वर, खाली-वर नाचतं. त्याच्यापुढे लाकडाची पातळ फळी हाताने वळवत नेली की पान, फूल, पोपटाची चोच, हवं ते कापून निघतं. या मशीनला स्क्रोल सॉ म्हणतात. पातं वरून धरणारी दांडी, तो तिचा हात. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत जी मोकळी जागा असते, तो तिचा गळा. समजलं नसेल तर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक पापड धरा आणि गोल फिरवून बघा. पापड बेचक्यात अडला, की गळा लहान पडला.

एवढं लक्षात ठेवा. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात हे फक्त एका आजोबांना, त्यांच्या नातीला आणि एका मित्राला ठाऊक होतं. बाकी कोणाला नव्हतं, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

आजोबांचं नाव रामकृष्णराव. चौतीस वर्षं ते फॅक्टरीत लाकडी साचे करत होते आणि शेजारच्या बाकावर होते विनयराव. विनयरावांना कमानीची करवत धरायला रामकृष्णरावांनीच शिकवलं. दोघांनाही लाकडाच्या चित्रांचा नाद. रंगाचा थेंब नाही, नुसत्या लाकडाचे तुकडे एकमेकांत बसवायचे: काळ्यासाठी शिसम, तपकिरीसाठी साग, पिवळ्यासाठी हळदू. मराठी मंडळाच्या सभागृहात रंगमंचाच्या वर असं एकच चित्र मावतं. पंधरा वर्षं तिथे रामकृष्णरावांचा मोर होता. हातकरवतीने तीन हिवाळे राबून त्यांनी तो केला होता.

गेल्या वर्षी विनयरावांच्या मुलाने बापाला स्क्रोल सॉ पाठवली. विनयरावांनी सहा महिन्यांत तिच्यावर जबलपूरजवळच्या धुवांधार धबधब्याचं चित्र केलं, आणि मंडळाने मोर उतरवून धबधबा चढवला. मोराची रवानगी पाण्याच्या कूलरमागे झाली. पेला भरायला वाकलं की त्याचे पाय तेवढे दिसत. त्या दिवसापासून रामकृष्णरावांना मंडळातलं पाणी घशाखाली उतरेना.

"काय हात आहे विनयजींचा," असं कोणी म्हटलं की ते सांगत, "हात कुठला, मोटर आहे." तरी दर रविवारी चहाच्या निमित्ताने ते विनयरावांकडे जात आणि कोणाचं लक्ष नसताना मशीनवर हात फिरवून येत. एकदा त्यांनी वितीने तिचा गळा मोजला. सोळा इंच. त्या क्षणी त्यांचं ठरलं. आपणही मशीन घ्यायची, आणि गळा सोळापेक्षा मोठा पाहिजे. कशाला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

नात समिधा दहा वर्षांची. मराठी तिला समजायचं सगळं, बोलताना मात्र हिंदी आधी धावत यायची. आबा तिला लाकडावर रेघ मारायला शिकवत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, रेघ चुकली तर करवत लागायच्या आधी सुधारायची, नंतर फक्त हळहळता येतं. मराठी लिहिण्याचा सराव म्हणून मशीन निवडण्याची यादीही त्यांनी तिच्याकडूनच लिहून घेतली. गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून समिधाने वर मोठ्या अक्षरात लिहिलं "आबा", आणि खाली:

गळा, सोळा की वीस?
थरथर किती?
आवाज कमी पाहिजे.
हात वर उचलून राहतो का?
कापताना जळतं का?

यादी आबांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. ही गोष्ट विनयरावांच्या कानावर जाऊ नये, म्हणून बायकोलाही सांगायची नाही असं ठरलं. त्यांची बायको बेबीताई आणि विनयरावांच्या घरची मंडळी रोज भाजी एकत्र आणत. मग रामकृष्णराव गच्चीत गेले आणि त्यांनी मशीनवाल्या धनेशला फोन लावला.

"धनेश भैया, साफ सांगतो. गळा लहान आहे, तेच तर दुखणं आहे. अच्छा, अन् थरथर? हात ठेवला तर जाणवते? हात वर उचलला की तिथंच राह्यला पाहिजे, मधेच पडला तर कसं होईल? हो ना, आधी बारीक भोक पाडायचं, मग तिथून आत घालून कापायचं. नाही, घरी सांगितलं नाही अजून. अन् विनयला तर बिलकुल कळू देऊ नका."

पलीकडच्या गच्चीत मंडळाच्या सेक्रेटरी यामिनीताई चादर वाळत घालत होत्या. चादर अर्धीच तारेवर चढली. रामकृष्णरावांच्या गळ्याचं ऑपरेशन आहे तर!

यामिनीताई दुसऱ्याच्या शब्दाचा मान राखणाऱ्या. घरी सांगितलं नाही, असं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून रामकृष्णरावांचं घर सोडून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. विनयरावांना कळू द्यायचं नाही म्हणजे मित्राच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा त्या वाक्याचा अर्थ त्यांना डोळ्यांत पाणी येऊन समजला, आणि म्हणून विनयरावांना त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रामकृष्णराव सराफ्यात गेले. सोनार वापरतात तसली बारीक पाती त्यांना हवी होती. ओळखीच्या नथ्थू सोनाराने त्यांना पाहताच गादीवर बसवलं, कोमट पाणी दिलं, आणि ते तोंड उघडणार तोच हात जोडले. "बोलिए मत, दादा. इशारे से बताइए." नथ्थूचं काही मौनाचं व्रत असेल असं समजून रामकृष्णरावांनी इशाऱ्याने सांगितलं. बारीक पातं दाखवायला त्यांनी बोट ताठ धरलं आणि हनुवटीखाली खाली-वर, खाली-वर केलं. नथ्थूचा चेहरा उतरला. "कब है?" त्याने हलक्या आवाजात विचारलं. मशीन मंगळवारी येणार होती. रामकृष्णरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवारावर बोट ठेवलं. नथ्थूने पात्यांचे पैसे घेतले नाहीत. माणसं अलीकडे फार चांगली वागून राहिली आहेत, असं म्हणत रामकृष्णराव खुशीत घरी आले.

दरम्यान बेबीताईंनी सदरा धुवायला काढला होता. खिशात यादी सापडली. वर नातीच्या अक्षरात "आबा", खाली गळा, थरथर, आवाज, वर न राहणारा हात. पोरीला सांगितलं आणि मला नाही, म्हणत त्या तो कागद घेऊन यामिनीताईंकडे गेल्या. "मला ठाऊक होतं, ताई," यामिनीताई म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मंगळवारची बातमी तोवर सराफ्यातून येऊन पोचलीच होती. ते स्वतःहून सांगेपर्यंत विचारायचं नाही, फक्त जपायचं, असं ठरलं.

मग रामकृष्णरावांच्या घरी काढे सुरू झाले. जेवणात पातळ खिचडी आली. ज्येष्ठमधाच्या कांड्यांचा ढीग झाला. काही विचारायला तोंड उघडलं की बेबीताई त्यात मधाचा चमचा घालत. बायकोला गुपित कळलं असावं आणि ती या निराळ्या रीतीने सूड घेत असावी, असं वाटून रामकृष्णरावही गप्प राहिले.

सोमवारी सकाळी दारात ऑटो थांबली. विनयराव उतरले आणि त्यांच्यामागून ऑटोवाला स्क्रोल सॉ उचलून आत घेऊन आला. चुलत्याच्या मयताला आल्यासारखे विनयराव समोर बसले. बेबीताई, यामिनीताई दारापाशी उभ्या राहिल्या.

"रामभाऊ, तुम्ही एक शब्द बोलू नका. आज मी बोलतो," विनयराव म्हणाले. "सकाळी शिडी लावून मीच चढलो. धुवांधार उतरवला, मोर लावला. ती जागा त्याचीच होती."

रामकृष्णरावांचं काळीज मोराआधी नाचलं. त्यांनी तोंड उघडलं. मधाचा चमचा आत गेला.

"खरं सांगू का?" विनयराव पुढे म्हणाले. "पंधरा वर्षं त्या मोराखाली बसून मी कार्यक्रम पाहिले. एक गाणं धड ऐकू आलं नाही. लोक वर पाहत अन् तुमचं नाव घेत, अन् इथं माझ्या पोटात आग. म्हणून तर पोराच्या मागे लागून ही मशीन मागवली. आता ही तुम्ही ठेवा. उद्याचं एकदा निभावलं की नंतर हात रमेल."

उद्याचं काय? रामकृष्णरावांच्या डोक्यात आता एकेक तुकडा जागेवर बसायला लागला. कोमट पाणी, खिचडी, नथ्थूचे जोडलेले हात. सगळं चित्र पुरं झालं. खरं सांगितलं तर मोर पुन्हा कूलरमागे. नाही सांगितलं तर समोर बसलेला मित्र असाच झुरत राहणार. त्यांनी छताकडे पाहिलं. तोंडात मध होता हे खरं, पण मध गिळायला एवढा वेळ लागत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. समिधाने तो उचलला आणि आबांचा हात चिकट म्हणून स्पीकरवर टाकला.

"आबांना सांग, वीस इंची गळा आला," धनेशचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. "उद्या पाठवून देतो. पण थरथर फार करते मशीन. तुमच्या बारीक कामाला विनयजींसारखी सोळाचीच बरी. मोराचा मोठ्यात मोठा तुकडा तर चौदा इंची आहे ना? मग वीस काहून पाहिजे, तेच समजून नाही राहिलं."

फोन बंद झाला.

"बोला, रामभाऊ," विनयराव म्हणाले. "आता बोला."

रामकृष्णरावांनी बोलायचा प्रयत्न केला, आणि त्यांचा आवाज खरोखरच बसला. दोनदा खाकरल्यावर कसाबसा निघाला. "तुझ्यापेक्षा मोठी पाह्यजे होती."

विनयरावांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. बेबीताई पाणी आणायला धावल्या, पण ते रडत नव्हते. "चार इंचांनी?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "चार इंचांसाठी दोन दिवस आमच्या घरी चूल नीट पेटली नाही, रामभाऊ."

बेबीताईंनी मधाच्या बाटलीला झाकण लावलं आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

यामिनीताई मात्र मटकन खाली बसल्या. उद्या मंडळात त्यांनी रामकृष्णरावांसाठी आरती ठेवली होती. नथ्थू उपास धरून बसला होता. आता लोकांना तोंड काय दाखवायचं? काढ्याने गुण आला म्हणावं, असं विनयरावांनी सुचवलं. एवढ्या लवकर कोणी खरं मानणार नाही, डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली म्हणू, असं यामिनीताई म्हणाल्या आणि निरोप लिहायला घरी गेल्या.

"बरा झालो म्हटलं तर मोर वर राहील ना?" रामकृष्णरावांनी हळूच विचारलं.

"महिनाभर राहू द्या. मग धुवांधार."

"महिना कसा? पंधरा वर्षांची सवय आहे त्याला. गणपतीपर्यंत तरी राहू दे."

"गणपतीत तर गर्दी असते. तेव्हाच धुवांधार खाली कसा राहील?"

दोघं सरसावून बसले. कोणत्या सणाला भिंतीवर कोण, याची वाटणी सुरू झाली. संक्रांत एकाला गेली, कोजागिरी दुसऱ्याला. गुढीपाडव्यावर आवाज चढले आणि रामकृष्णरावांचा गळा चांगला मोकळा झाला.

समिधा कोपऱ्यात स्क्रोल सॉपाशी बसून हे ऐकत होती. तिच्या हातात ती यादी होती, अश्रूंनी थोडी फुगलेली. तिने पहिली ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. करवत अजून लागली नव्हती. यामिनीताईंचा निरोप अजून गेला नव्हता. तिने पेन्सिल घेतली, "आबा"च्या डोक्यावर एक टिंब दिलं आणि पुढे लिहिलं "ची मशीन". आता वर लिहिलेलं होतं, "आबांची मशीन". मग आजीच्या फोनने त्या पानाचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर पाठवून दिला.

चौथ्या मिनिटाला आजीचा फोन वाजला. गुढीपाडवा अर्ध्यावर थांबला. समिधाने फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं.

"आबा, यामिनीताई आहेत," ती म्हणाली. "ग्रुपमध्ये सब पूछ रहे हैं, गळा आखिर किती इंची आहे."

तेव्हा समिधा उठली, लाकडावर रेघ मारायची पट्टी घेतली, आबांची हनुवटी हाताने जरा वर केली आणि पट्टी खाली टेकवली.

"मशीनचा सोळा," तिने फोनमध्ये सांगितलं, "अन् आबांचा साडेचार."