जावयाची अंगठी आणि उभी कानस

"सोनार? सोनार कशाला? घरात फिटर असताना सोनाराच्या पायऱ्या कोण झिजवतो!"

भिंगारच्या बेंजामिनकाकांनी छातीवर हात मारून हे सांगितलं आणि दयाकाकूंनी कपाळावर हात मारला. काकांनी छातीवर हात मारला की घरातलं काहीतरी मोडतं, हा तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता.

प्रसंगही बाका होता. मुलीचं, निकिताचं, लग्न उद्यावर आलेलं. सकाळी चर्चमध्ये तालीम झाली आणि अंगठी नवरदेव दानीएलच्या बोटाच्या पेरावरच अडकली! निकितानं ढकलली, करवलीनं ढकलली, शेवटी पाळकसाहेबांनी बाह्या सावरून ढकलली. हलेना! बरं, अंगठी साधीसुधी नव्हे, दयाकाकूंच्या वडिलांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नातजावयानं हीच घालावी, ही त्यांची शेवटची इच्छा होती. आणि नेमका सोनार दुकानाला कुलूप घालून राहात्याला भाच्याच्या लग्नाला गेलेला.

"अहो, नका ना हात लावू," काकू म्हणाल्या. "बाबांची एवढीच वस्तू राहिली आहे माझ्याकडे."

"अगं, दोन मिनिटांचं काम! आपली मशीन कशासाठी आहे?"

ही मशीन काकांना सापडली होती कोल्हारला. तिथे त्यांचा जुना जोडीदार कारभारी राहतो. दोघांनी लष्करी वर्कशॉपात शेजारी शेजारी नोकरी केली आणि एकाच दिवशी निवृत्तीचे हार घालून घेतले. महिन्यापूर्वी काका त्याच्या पडवीत पाणी प्यायला गेले, घागर ज्या लोखंडी बैठकीवर ठेवली होती ती वाकून पाहिली आणि किंचाळलेच.

"अरे नालायका! ही कानसमशीन आहे!"

"व्हय? आमी तर घडवंची समजत हुतो," कारभारी म्हणाला. "आज्यानं लिलावातनं आनली हुती म्हनं."

घागर जमिनीवर आली, मशीन टेम्पोत चढली. वर सपाट टेबल, मधोमध भोक आणि भोकातून वर आलेली उभी कानस. मोटार लावली की ही कानस खालीवर, खालीवर होते आणि वस्तूची आतली बाजू घासून देते. काकांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर तिचा गंज उतरवला. "माझ्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नाहीत," असं काकू म्हणाल्या, तेही त्यांनी ऐकलं नाही.

तर त्या दुपारी काका आणि लग्नासाठी आदल्या दिवशीच येऊन ठेपलेला कारभारी शेडमध्ये शिरले. काकांनी एक बारीक गोल कानस घेतली आणि तिचं मूठ बसवायचं टोक खाली ठेवून आवळली. जन्मभर मुठीकडूनच तर कानस ढकलली होती! मशीनला वस्तू वरून दाबून धरणारा एक लोखंडी हात होता. तो काकांनी खोलून बाजूला ठेवला.

"हे शिकाऊ पोरांसाठी असतं रे!"

"लई भारी!" कारभारी म्हणाला आणि नीट दिसावं म्हणून अगदी जवळ येऊन उभा राहिला. काकांनी अंगठी कानशीत ओवली आणि बटण दाबलं.

आता, हातातल्या कानशीचे दात पुढे ढकलताना कापतात, हे खरं. पण उभ्या मशीनमध्ये पुढे म्हणजे वर! अशी बसवलेली कानस वस्तू टेबलावर दाबत नाही, उचलून फेकते. चाळीस वर्षं फिटरचं काम केलेल्या काकांना हे कळायला अर्धा सेकंद लागला. तेवढ्यात अंगठी गेली!

टण्ण! वर पत्र्यावर आवाज आला आणि मग काहीच नाही.

काकांनी मशीनखाली पाहिलं, भुश्शात पाहिलं, स्वतःच्या खिशात पाहिलं. मग त्यांची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. समोरच मांडवात पुष्पावतीबाई चार बायकांना घेऊन बुंदीचे लाडू वळत बसल्या होत्या. अंगठी लाडवात!

ते बाहेर धावले आणि वरचा लाडू उचलून फोडला. मग दुसरा. मग तिसरा.

"बेंजामिनभाऊ, शुगर आहे ना तुम्हाला?" पुष्पावतीबाई ओरडल्या.

"नाही... म्हणजे, लाडू जरा कच्चे वाटतात!"

संपलं! मिशन कंपाउंडमधल्या प्रत्येक लग्नाचे लाडू पुष्पावतीबाईंनी वळलेले. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "कच्चे? माझे लाडू कच्चे? चला गं, हात धुवा!"

आता लाडू राहतात, बायका जातात! मित्राला वाचवायला कारभारी पुढे सरसावला आणि सुचेल ते बोलला.

"तसं न्हाई बाई! परातीत पाल पडली असंल म्हनून बगतोय तो!"

"पा-ऽ-ऽल!"

एक बाई खुर्चीवर, दोन मांडवाबाहेर! पुष्पावतीबाईंनी अख्खी परात उकिरड्यावर ओतायला उचलली. काका परातीच्या आडवे आले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "नका हो टाकू! बाबांची अंगठी आहे त्यात!"

हे ऐकायला दयाकाकू नेमक्या मागे उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, मटकन खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. ते पाहून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांनी मिळून तीनशे लाडू फोडले, बुंदी बोटांनी चाळली. अंगठी नाही!

"माजंच चुकलं वहिनी," कारभारी म्हणाला. कमरेला कंबरदुखीचा पट्टा बांधलेला, त्यामुळे बिचारा दुपारपासून ताठ उभा होता, वाकलाच नव्हता. त्यानं माफी मागायला डोक्यावरची गांधी टोपी काढली आणि टोपीच्या घडीतून अंगठी टुणकन फरशीवर पडली!

काकांनी झडप घातली. आतून एक बारीक ओरखडा, बाकी धडधाकट! "देवा बापा!" म्हणत त्यांनी तिथेच बसकण मारली आणि चारचौघात ढसाढसा रडले. पुष्पावतीबाईंनीही राग गिळून, लाडू पुन्हा वळायला तूप गरम करत ठेवलं.

तेवढ्यात दानीएल आला, हळदीतून उठून तसाच, कोपरापर्यंत पिवळाधमक. "पप्पा, झालं का काम?"

काकूंनी काकांच्या हातून अंगठी घेऊन त्याच्या बोटात घातली. सर्रकन गेली!

काका ताडकन उठले. "बघितलंस? एका दणक्यात! याला म्हणतात फिटर!"

काकूंनी जावयाचा हात उजेडात धरला. बोटांवरून हळदीचं तेल निथळत होतं.

"तेलानं गेली हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "थेंबभर तेलानं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली नेली आणि पाळकसाहेबांनी अंगठी मागायच्या आत नवरदेवाचं बोट गुपचूप माखलं. अंगठी गेली! काकांनी सोडलेला "हुश्श!" माइकमधून अख्ख्या चर्चनं ऐकला.

जेवणावळीत दानीएल हळूच सासऱ्याजवळ आला. "पप्पा, आता ती निघत नाहीये."

काकांचे डोळे चमकले. "निघत नाही? थांब, आपली मशी..."

"अहो!" काकूंनी पानात लाडू आदळला. "लग्नाची अंगठी आहे ती. निघायची नसतेच!"