घळीतले पेशंट

निकम कंपाउंडर दगडांची तब्येत विचारायचे. चेष्टा नाही! जामखेडच्या दवाखान्यात माणसांना लाल औषध देताना ज्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तो गृहस्थ रविवारी खर्ड्याच्या वाटेवरच्या घळीत उतरला की दगडासमोर उकिडवा बसून म्हणायचा, "काय म्हंतीय तब्येत? नाक गेलं व्हय? असू द्या, डोळं शाबूत हायेत."

हे पेशंट म्हणजे वीरगळ. कुण्या काळी लढाईत पडलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव दगड. कोरड्या घळीत आठ उभे होते. निकम त्यांचे फोटो काढायचे. कॅमेरा साधा डबा, पण दवाखान्यातल्या कापसात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला. मी हायस्कुलात मास्तर, रविवारी रिकामा, म्हणून मला सोबत फरपटत न्यायचे.

पहिल्या खेपेला मी भयंकर वैतागलो. उन्हानं टाळकं तापलेलं, आणि हे महाशय कॅमेरा काढायलाच तयार नाहीत.

"थांबा मास्तर. पेशंट झोपलाय अजून."

तीन तास! मनातल्या मनात मी त्यांचा उद्धार करत होतो. चारच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन घळीत शिरलं आणि, आई शप्पथ, तो झिजका दगड जागा झाला! खाली घोडे, ढाली, पळवलेली गुरं, तलवार उगारलेला गडी. मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा. वर चंद्र-सूर्य. अंगावर सर्रकन काटा आला.

मी विचारलं, "याचं नाव कुठं आहे हो?"

"न्हाई लिवलं. घरच्यांना वाटलं आसंल, आपल्याला तर ठावं हायच की."

निकमांचा जगात एकच वैरी, शेंदूर. असा दगड दिसला की कुणीतरी शेंदूर फासून त्याचा देव करायचं, आणि कोरीवकाम खाली गडप. "शेंदूर लागला की पेशंट गेला!" यावरून ते एका धनगराशी हातघाईवर आले होते.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्याचं काम निघालं, सगळा तालुका खडी फोडायला बसला. मुकादमाची नजर घळीवर गेली. सोमवारपासून तिथले दगड फोडायचे ठरले. निकम फोटोंचा गठ्ठा घेऊन त्याच्याकडे धावले.

"कंपाउंडर," मुकादम म्हणाला, "हितं मानसांच्या पोटाला काम पायजे. तुमी दगडाचं काय घिऊन बसलाय?"

निकम गठ्ठा काखेत मारून परतले.

त्या रविवारी ते कॅमेऱ्याशिवाय आले. हातात मलमाची बरणी, आत तेलात कालवलेला शेंदूर.

"निकम, डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यांनी बरणीत बोटं बुडवली. घोडे गेले, गुरं गेली, त्या गड्याचं तोंडही गेलं. आठही दगड लालभडक झाले. माझ्याच्यानं बघवेना, मी पाठ फिरवून उभा राहिलो.

सोमवारी मी शाळेला दांडी मारली, निकमांनी दवाखान्याला, आणि आम्ही घळीत जाऊन थांबलो. मुकादम घळीत उतरला आणि त्यानं पायताणं काढली. "आरं तिच्या मायला, हितं तर देव हाय! पलीकडनं फोडा रं!"

बायका घमेली ठेवून गोळा झाल्या. एका म्हातारीनं पदराच्या गाठीतली, कामावर खायला मिळालेली चिमूटभर सुकडी दगडापुढं ठेवली. "कंपाउंडर, ह्या देवाचं नाव काय वो?"

निकम गडबडले. म्हणाले, "सदूबाबा."

"सदूबाबा, पानी पाड रं लेकरा," म्हणत म्हातारीनं डोकं टेकलं. तिच्यामागून सगळ्याजणी वाकल्या.

परतताना मला हसू आवरेना. "हे नाव कुठून पैदा केलंत हो?"

निकम सायकल हातात धरून चालत होते. "धाकटा भाऊ माझा. फौजेत हुता. मागल्या लढाईत गेला. तिकडंच अग्नी दिला. आमच्याकडं नुसती तार आली."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. थोडं पुढं जाऊन निकम थांबले.

"आई तवापासनं कुनाशी बोलत न्हाई. उद्या तिला हितं आनतो मास्तर. बगू दे तिला, किती बाया हात जोडत्यात सदूला."