पाठमोरे सुभेदार

आमच्या सुभेदारांना लग्नाला नेऊ नये. कासारवाडीच्या कार्यालयात माझ्या पुतणीचं लग्न होतं. या गृहस्थांनी पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि नवरा-नवरीला खुशाल पाठ करून बसले. मंगलाष्टकं चालू, अक्षता पडताहेत आणि हे वऱ्हाडाची तोंडं न्याहाळताहेत. म्हटलं, "अहो, असं काय बसता?" तर म्हणाले, "मागचं दिसाय पायजे, राव."

सुभेदार ज्ञानोबा ढमाले हे पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीतले एकमेव ऑलिंपिकवीर. मावळातला उंचापुरा गडी. फौजेने उंची बघितली, शर्यतीच्या होडीत बसवलं आणि हातात वल्ही दिली. या होडीत वल्हवणारा पाठमोरा बसतो. होडी जाते पुढे आणि त्याचं तोंड मागे. फौज सुटून जमाना झाला, पण सुभेदार काही होडीतून उतरले नाहीत. टमटममध्येसुद्धा मागे तोंड असलेलीच जागा धरणार.

सगळ्यात मोठा छळ सकाळच्या फिरण्याचा. आम्ही चाकणच्या कंपन्यांतून रिटायर झालेले चार-सहा जण. जन्मभर सुपरवायझरची बोलणी खाल्ली, आता सुखाने चालावं म्हटलं, तर हे आमच्या पुढे उलटे चालणार आणि ओरडणार, "गायकवाड, पाठ सरळ! देशमुख, त्वांड मिटा, नाकानं दम घ्या!" त्यांच्या वाटेत विजेचा खांब आला की आम्ही मुद्दाम गप्प राहायचो. पण हा माणूस खांबावर कधी आपटला म्हणून नाही.

बरं, ऑलिंपिकमध्ये यांनी दिवे काय लावले? शेवटचा नंबर! विचारलं की सांगायचे, पण त्यापुढे चकार शब्द नाही.

तरीही वॉर्डातल्या भाऊंनी त्यांचा सत्कार ठरवला. निवडणूक तोंडावर होती. गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर होडीपेक्षा मोठे भाऊ आणि खाली 'ऑलिंपिक विजेते'. होडीत तोंड मागे करून बसलेला माणूस फ्लेक्सवाल्याला चुकीचा वाटला असावा. त्याने सुभेदारांना कंप्युटरवर उचलून चांगलं पुढे तोंड करून बसवलं होतं.

'विजेते' सुभेदारांनी गिळलं असतं. पण ते चित्र बघितलं आणि पिसाळलेच. "मला उलटं बसवलंय!" सत्काराची शाल खुर्चीत टाकली, शिडी आणली आणि भाऊंच्या देखत फ्लेक्स उतरवला. भाऊ गाडीत बसून निघून गेले. त्यांच्याबरोबर त्यांनी कबूल केलेला आमच्या गेटसमोरचा डांबरी रस्ताही गेला.

मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पुरे झालं. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी निघायचं. सुभेदारांना कळवायचं नाही.

आठवडा फार मजेत गेला. एक दिवस मला जाग उशिरा आली आणि जुन्या वेळेला खाली उतरलो. सुभेदार क्लबहाउसच्या वाटेवर उलटे चालत होते, एकटेच. रिकाम्या वाटेकडे टक लावून.

मी खेकसलो, "मागे कुणी नाहीये सुभेदार! आता तरी सरळ चाला."

ते थांबले. "शर्यतीत पुढं असतो ना, त्याला मागचे समदे दिसत्यात," ते म्हणाले. "आमी शेवटचे. पार शेवटापत्तुर मला निस्तं पाणीच दिसलं, गायकवाड. येक मानूस न्हाई. तवापास्नं मागं कुनी असलं, की बरं वाटतं."

आणि वळून, जन्मात पहिल्यांदा, आमच्यासारखे सरळ चालायला लागले. त्यांना ते जमेना. पाय अडखळत होते. मला फार वाईट वाटलं.

"ओ सुभेदार," मी हाक मारली, "इकडे तोंड करा. मी आहे मागे."

ते फिरले. मी चांगला पोक काढून चालू लागलो. ते माझ्याकडे बघत उलटे चालत राहिले. वळणाजवळ त्यांनी घसा साफ केला.

"गायकवाड, पाठ सरळ!"

मी आणखी वाकलो.